पंखा तर चालूच होता

आमच्या व्याह्यांइतका सरळ माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याने आयुष्याचा इतका वेळ दुसऱ्यांच्या शोकेसमागे डोकं घालून काढला नसेल. व्याही म्हणजे माझ्या धाकट्या मुलीचे सासरे. मूळचे सायखेड्याचे, ओझरच्या विमानाच्या कारखान्यात तपासनीस म्हणून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतर घराघरांतल्या वायफायच्या राउटरांना नवा जन्म देण्याचं व्रत घेतलेले. ते आमच्याकडे मुलगी बघायला आले तेव्हाची गोष्ट. आमची मुलगी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली, सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या, विहीणबाईंनी तिला शिक्षण विचारलं, आणि मुलाचे वडील कुठे गेले म्हणून मी पाहिलं तर ते कोपऱ्यातल्या शोकेसपाशी उभे. आमचा राउटर त्यांनी हातात उलटा धरला होता आणि चष्मा कपाळावर चढवून त्याच्या पोटावरचं बारीक अक्षरांचं स्टिकर वाचत होते. मला वाटलं, झालं, काहीतरी खोट निघाली. ते वळले आणि म्हणाले, "मुलगी आम्हाला पसंत आहे. पण याचा पासवर्ड कंपनीतून आला तोच ठेवलाय का हो तुम्ही?" मी म्हटलं, तो बदलायचा असतो हे मला ठाऊक नव्हतं. "म्हणजे दाराला कडी नाही," ते म्हणाले, "आणि घरात लग्नाची मुलगी." विहीणबाई नुसत्या म्हणाल्या, "अहो, पोहे निवताहेत." लग्न ठरलं. कडीही त्याच दिवशी बसली.

त्यांचं म्हणणं समजायला मला सहा महिने लागले, पण एकदा समजल्यावर ते मला कुठल्याही प्रवचनापेक्षा पटलं. राउटरच्या आत एक कारभारी असतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. हा कारभारी कंपनी घालून देते, दोन-चार वर्षं त्याची चौकशी करते, चुका दुरुस्त करून पाठवते, आणि मग एके दिवशी म्हणते, याचं वय झालं, आता नवा घ्या. पण जगात काही हौशी लोक आहेत. त्यांनी मिळून दुसराच कारभारी लिहिलेला आहे, आणि तो कोणालाही फुकट मिळतो. त्यात काय लिहिलंय ते कोणीही उघडून वाचू शकतो, सुधारूही शकतो. कंपनीचा काढायचा, हा बसवायचा, की टाकून दिलेला राउटर पुन्हा नव्यासारखा कामाला लागतो. व्याही एरवी पुस्तकी मराठी बोलतात, पण राउटरचं झाकण उघडलं की सायखेडा बाहेर येतो. "वय झालं म्हंजे काय, अण्णा? दिवा लागतोय, काम करतोय. लय चांगला जीव हाय हा. ह्याला कोणी विचारत नाय, एवढंच." हे ते यंत्राबद्दल बोलत असत. मी नुकताच निवृत्त झालेला, बाल्कनीत खुर्ची टाकून दिवसभर समोरच्या इमारतीचा जिना मोजणारा माणूस. मला ते नुसतं यंत्राबद्दल वाटत नसे.

कारखान्याची शिस्त त्यांच्या अंगातून कधी गेलीच नाही. विमानात एक स्क्रू विसरला तर काय होतं हे ज्याने पस्तीस वर्षं मनात धरलं, तो माणूस राउटरशी कसा वागेल याची कल्पना करा. काम सुरू करण्यापूर्वी पिशवीतली हत्यारं टेबलावर मोजून मांडायची, काम संपल्यावर मोजून परत ठेवायची. एकदा एक लहानसा स्क्रूड्रायव्हर कमी भरला तेव्हा त्यांनी आमच्या शेजाऱ्यांच्या घरातून कोणालाही बाहेर जाऊ दिलं नाही. भाजी आणायला निघालेल्या शेजारीणबाई चपला घालून अर्धा तास सोफ्यावर बसल्या होत्या. स्क्रूड्रायव्हर व्याह्यांच्याच कानामागे होता. आणि त्यांचा सर्वांत मोठा नियम असा, की काम एकट्याने करायचं नाही. एकाने पायरी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने करायची, आणि केल्यावर "केलं" असं म्हणायचं. मनात वाचलेलं वाचन नव्हे आणि न बोलता केलेलं काम नव्हे. या वाचकाच्या जागी त्यांनी मला नेमलं. मी आयुष्यभर बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होतो. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागली ते कर्ण्यावरून सांगणं हे माझं काम. त्यांनी पहिल्याच भेटीत ते हेरलं. "तुमचा आवाज स्वच्छ आहे," ते म्हणाले, "तुम्ही वाचा." निवृत्तीनंतर मला मोठ्याने बोला असं सांगणारा हा पहिला माणूस. घरात सगळे हळू बोला म्हणत होते.

मग आमची जोडी जमली. दर गुरुवारी ते ओझरहून स्कूटरवर यायचे. जुनी, निळी, ते स्वतः दर रविवारी पुसत ती. डिकीत केबलचं वेटोळं, त्यावर विहीणबाईंनी सांगितलेली कोथिंबीर, आणि त्यावर भंगारवाल्याकडून सोडवून आणलेला एखादा राउटर. भंगारवाले त्यांना ओळखत. त्यांची गाडी दिसली की हाक मारून "काका, एक डबी हाय" म्हणत. आमच्या कॉलनीतल्या बाराएक घरांत आम्ही दोघांनी कारभारी बदलले. मी वाचायचो, "राउटर संगणकाला केबलने जोडावा, वायफायवरून करू नये." ते म्हणायचे, "केलं." मी वाचायचो, "स्टिकरवरील आवृत्ती आणि फाइलवरील आवृत्ती एकच आहे ना ते तपासावं." ते भिंगाने बघायचे, मला बघायला लावायचे, आणि मग "केलं." शेवटची पायरी नेहमी तीच असे, आणि ती वाचताना त्यांच्या सांगण्यावरून मी उभा राहत असे: "नवीन फर्मवेअर लिहिलं जात असताना दिवा लुकलुकेल. तो स्थिर होईपर्यंत वीज बंद करू नये." त्या पाच मिनिटांत ते कोणाला खोकूही देत नसत. दिवा स्थिर झाला की खिशातून बेदाण्यांची पुडी काढून घरातल्या प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर ठेवायचे. हे बेदाणे त्या परक्या लोकांच्या नावाने, ज्यांनी हा कारभारी लिहिला त्यांच्या. त्यातल्या एकाला त्यांनी बेदाण्यांचा डबा पाठवायचा म्हणून इंग्रजीत पत्ता विचारला होता. त्या गृहस्थाने आभार मानून नको म्हणून कळवलं. "लाजाळू माणूस दिसतोय," व्याही म्हणाले, "त्याच्या वाटचे आपणच खाऊ."

लग्नानंतर जोडप्याला देवीला घेऊन आम्ही दोन्ही घरची माणसं वणीला गेलो, तेव्हाही हेच. गावात एका लॉजवर उतरलो होतो. गडावर जायला सगळे तयार होऊन खाली आले, तर व्याही काउंटरच्या आत, मालकाच्या खुर्चीवर, मांडीवर राउटर. आम्ही दर्शन घेऊन परत आलो तरी ते तिथेच. मालक त्यांच्यासाठी भजी तळून आणत होता. विहीणबाई म्हणाल्या, "देवीच्या पायथ्याशी येऊन दर्शन नाही घेतलंत, काय म्हणावं माणसाला." ते म्हणाले, "देवीला मी इथूनही दिसतो. ह्या गरिबाला वरच्या मजल्यावर रेंज दिसत नव्हती." दुसऱ्या दिवशी पहाटे ते एकटेच उठून दर्शन घेऊन आले. ते मात्र कोणाला सांगितलं नाही. मला लॉजच्या मालकाकडून कळलं.

आता मी ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी धोंड्याचा महिना होता. आपल्याकडे त्या महिन्यात लेक-जावयाला बोलावून जेवू घालतात, दिवा देतात. आम्ही व्याही-विहीणबाईंनाही आग्रहाने बोलावलं. पावसाने दडी मारली होती, उकाडा असा की अंगाला कपडे चिकटत होते. व्याही सकाळी दहालाच आले, कारण आमच्या राउटरचा कारभारी आता जुना झाला होता आणि त्यांना त्याच्या जागी त्याची नवी आवृत्ती बसवायची होती. मी वाचत होतो, ते "केलं" म्हणत होते. शेवटची पायरी झाली, दिवा लुकलुकायला लागला, आणि माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "पानं वाढली आहेत." व्याही म्हणाले, पाच मिनिटं. तिने दोन मिनिटांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा ती दारात येऊन म्हणाली, "धोंडे गार झाले की दगड होतात, आणि जावईबापूंची दोन वाजता ऑफिसची मीटिंग आहे." वाढलेलं पान खोळंबवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते मला म्हणाले, "अण्णा, तुम्ही इथे उभे राहा. दिवा स्थिर होईस्तोवर हलायचं नाही." मी म्हटलं, बिनघोर जेवा.

ते पानावर बसले. त्यांची पाठ राउटरकडे, कारण मानाची जागा खिडकीकडे तोंड करून होती. पहिला घास घेतला आणि त्यांच्या मानेवरून घामाचा ओघळ सदऱ्यात गेलेला मी पाहिला. छताचा पंखा त्या कोपऱ्यात पोचत नव्हता. मुलीचा सासरा माझ्या घरी पहिल्यांदा धोंड्याला जेवतोय आणि घामाने भिजतोय, हे मला बघवेना. मी आतून उभा पंखा आणला. शोकेसमागच्या बोर्डावर एकच जागा चालू होती, आणि तिच्यात राउटरची पिन होती. मी दिव्याकडे पाहिलं. तो लुकलुकत होता. मला खरंच वाटलं, इतका वेळ झालाय, झालंच असेल, आणि घटकाभराने परत लावू. मी राउटरची पिन काढली आणि पंख्याची लावली. व्याह्यांनी मागे न वळता हात वर करून म्हटलं, "वा, अण्णा." जेवणं होऊन सगळे हात धुवायला उठले तेव्हा मी पंखा काढून राउटरची पिन जागेवर लावली.

तो पुन्हा उठला नाही. एकच दिवा, तोही अर्धमेला. व्याह्यांनी बटणं दाबली, केबल बदलली, भिंग काढलं. त्यांच्या लोकांत अशा राउटरला वीट झाली म्हणतात, म्हणजे आता उपयोग दारामागे टेकवायला. दोन वाजले. जावई फोनवरून मीटिंग जोडायला धडपडत होता, आवाज तुटत होता, साहेब चिडले होते. फोन ठेवला आणि तो सगळ्यांसमोर वडिलांना म्हणाला, "बाबा, आता बास. लोकांच्या घरातल्या चालत्या वस्तूंना हात लावायचा नाही. किती वेळा सांगायचं?" माझी बायको म्हणाली, असू दे हो. व्याही जमिनीवर बसून विचार करत होते. "मध्ये वीज गेली होती का?" त्यांनी मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच मान हलवली. "नाही, कशी जाईल. पंखा तर चालूच होता माझ्या अंगावर." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "होता ना?" मी म्हणालो, "होता."

बसस्थानकावर तीस वर्षं मी हजारो लोकांना गाडी कधी येईल ते सांगितलं, आणि त्यातलं पुष्कळ खोटं ठरलं. पण ते वेळापत्रकाचं खोटं. असं एका शब्दाचं, माणसाच्या डोळ्यांत बघून, आयुष्यात एकदाच बोललो. का बोललो? जावई समोर होता. मुलीच्या सासरी नाव जाईल असं वाटलं. सरळ सांगतो, भित्रेपणा. व्याह्यांनी हत्यारं मोजली, राउटर पिशवीत घातला, बेदाण्यांची पुडी खिशातच राहिली, आणि जाताना माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, धोंडे फार छान झाले होते." पुढच्या आठवड्यात जावयाने चार शिंगांचा नवा राउटर पाठवून दिला. गुरुवार आला, व्याही आले नाहीत. फोन केला तर म्हणाले, "जरा कमी केलंय आता." त्यानंतर दोन्ही घरांत कोणी काही दुरुस्त करायला घेतलं की हटकून कोणीतरी म्हणे, "बाबांना बोलवू नका, वीट करतील." सगळे हसत. व्याहीही हसत. मीही हसलो आहे, एकदा नाही, पुष्कळदा.

यंदा उन्हाळ्यात मुलीचा फोन आला. इकडचं-तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, "अण्णा, बाबांनी स्कूटर विकली." मी विचारलं, का? "डोळ्यांचा भरवसा नाही म्हणतात. डॉक्टर म्हणतात, डोळे वयाच्या मानाने उत्तम आहेत. पण यांच्या डोक्यात बसलंय. तुमच्याकडे त्या दिवशी संगणकावर दोन फाइली शेजारी शेजारी होत्या, आणि त्यांनी बघून बघूनही चुकीचीच उचलली असणार, दुसरं कारणच सापडत नाही म्हणतात. म्हणाले, ज्याला हाताएवढ्या अंतरावरच्या दोन फाइली ओळखू येत नाहीत, त्याने हायवेला गाडी घालू नये." मी फोन खाली ठेवला. बायकोने विचारलं, काय झालं? मी तिला सगळं सांगितलं. चाळीस वर्षांच्या संसारात ती मला पहिल्यांदाच म्हणाली, "चपला घाला आणि जा."

मुलीच्या सासरी बापाने न कळवता जायची आपल्याकडे पद्धत नाही. मी ओझरला पोचलो तेव्हा विहीणबाईंनी दार उघडलं आणि त्यांचा चेहराच उतरला. त्यांना वाटलं कोणाचं तरी बरंवाईट झालं. जावई कामावर, मुलगी बाजारात गेलेली. व्याही पेपर वाचत होते, भिंग न घेता. मी उभ्या उभ्याच सांगितलं. पिन काढली, पंखा लावला, पिन परत लावली, आणि "होता" म्हणालो. विहीणबाई पाण्याचा तांब्या हातात धरून तशाच थांबल्या.

व्याह्यांनी पेपर मांडीवर ठेवला. मग विचारलं, "दिवा लुकलुकत होता तेव्हा काढली?"

"हो."

"किती वेळ बाहेर होती?"

"तुमचं जेवण होईपर्यंत."

"म्हणजे फाइल बरोबर होती."

"फाइल बरोबर होती. तुमचं सगळं बरोबर होतं."

त्यांनी पेपरची घडी केली, ती परत उलगडली, परत केली. "मग गाडी उगाच विकली मी," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे मला तिथे उभं राहवेना. मी वाकून त्यांचे पाय धरायला गेलो तर त्यांनी दंड धरून मला खुर्चीत बसवलं. "हे काय, माझ्या सुनेचे वडील तुम्ही." मग एकाएकी हसायला लागले. "दोन वर्षं कारण शोधतोय, अण्णा. परवा परवापर्यंत. आणि कारण माझ्याच पाठीमागे गरागरा फिरत होतं." विहीणबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. हसत होत्या की काय, मला कळलं नाही.

मी म्हटलं, संध्याकाळी जावई आले की त्यांना सांगतो. त्यावर ते पहिल्यांदा कडक झाले. "नाय सांगायचं. जावयासमोर तुमची मान खाली गेली तर माझ्या सुनेनं कुठं बघायचं?" मी वाद घातला, त्यांनी ऐकलं नाही. मला वचन द्यावं लागलं, की जावयाला तोंडाने हे सांगणार नाही. लिहिण्याबद्दल त्यांनी काही म्हटलं नव्हतं, ते त्यांच्या लक्षात आलं नसावं. तेव्हा आमच्या दोन्ही घरांतल्या सर्व थट्टेखोरांनी, आणि जावईबापू, विशेषतः तुम्ही, हे नीट वाचावं: त्या दिवशी तुमच्या वडिलांनी एकही पायरी चुकवली नाही. तुमची मीटिंग मी बुडवली. त्या राउटरचा जीव मी घेतला, तुमच्या वडिलांना वारा घालण्यासाठी. आणि नंतर गप्प राहिलो तो माझ्यासाठी. त्यांनी मला बाल्कनीतून उठवून पुन्हा आवाज दिला, त्याच आवाजात मी त्यांना खोटं सांगितलं. त्यांनी मला माफ केलं, तेही पाणी पिऊन होण्याच्या आत. एवढं मोठेपण मला जमलं नसतं.

तेव्हापासून ते पुन्हा दर गुरुवारी येतात. भंगारातल्या राउटरांना पुन्हा बरे दिवस आले आहेत. गाडी मात्र गेली ती गेली. मी म्हटलं, दुसरी घेऊ, मी येतो बरोबर. "सवय मोडली," ते म्हणाले, "बसमध्ये बरं असतं, खिडकी मिळते." म्हणून मी थांब्यावर जाऊन उभा राहतो. उतरताना हात पुढे केला तर धरत नाहीत, पिशवी तेवढी देतात. मग आम्हाला रस्ता ओलांडायचा असतो. डोळे चांगले आहेत हे डॉक्टरांनी सांगितलं आहे, मी सांगितलं आहे, त्यांना स्वतःलाही आता ठाऊक आहे. तरी ते कडेला थांबून दोन्ही बाजूंना जरा जास्तच वेळ बघतात. रस्ता मोकळा झाला तरी बघतात. मी चला म्हणत नाही. पिशवी धरून त्यांच्या शेजारी उभा राहतो आणि तितकाच वेळ बघतो.